चार्ज, यादीसह

इंग्रजी भाषेतले सगळे शब्द उद्या वर्धा नदीच्या पुरात वाहून गेले आणि एकटा ‘चार्ज’ तेवढा काठच्या बाभळीला अडकून राहिला, तरी आमच्या इन्चार्ज बाईंचं काडीचंही अडलं नसतं. बाकीचे शब्द त्या लागतील तसे वापरत. हा एक त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी कायमचा कमरेला खोचला होता. आर्वीच्या अलीकडे एका मोठ्या खेड्यात मुलींची शाळा होती. चार वर्ग, दोन खोल्या, एक पडवी आणि शिकवायला आम्ही दोघी. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होती म्हणून ‘योग्य व्यक्ती मिळेपर्यंत’ चार्ज बाईंकडे सोपवला होता, आणि ती योग्य व्यक्ती वरच्या ऑफिसला अकरा वर्षं सापडली नव्हती. सहीखाली ‘इन्चार्ज’ लिहून लिहून शेवटी तेच त्यांचं नाव झालं. पोस्टमन, वाणी, देवळातला पुजारी, सगळे ‘इन्चार्ज बाई’च म्हणत. मी त्यांना मोठ्या बाई म्हणत असे आणि त्या मला छोट्या बाई. वास्तविक मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होते आणि दोन मुलांची आई होते.

दिसायला त्या एवढ्याशा होत्या. नऊवारी लुगडं, अंबाड्यात खोचलेली निळी पेन्सिल, आणि चष्म्याच्या डबीत घड्या घातलेल्या याद्या. चष्मा सदैव नाकावर असल्यामुळे डबी रिकामी बाळगणं त्यांना पटत नसे. त्यांचं म्हणणं असं की जगातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक जनावर आणि प्रत्येक माणूस कुणाच्या ना कुणाच्या चार्जमध्ये असतं, आणि जे कुणाच्याच चार्जमध्ये नसतं त्याचे हाल होतात. म्हणून चार्ज देताना यादी पाहिजे, घेताना यादी पाहिजे, आणि दोन्ही वेळेला सही. चार दिवस माहेरी जायचं तरी घराचा चार्ज यजमानांना दिला जाई. यजमान निवृत्त पटवारी. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या घेतलेला माणूस. त्यांना ओसरीवर बसवून बाई यादी वाचत : तुळस एक, रोज पाणी, मांजर एक, दूध झाकून ठेवावे, लोणच्याच्या बरण्या तीन, ओला हात लावू नये, भांडेवाली एक, तिच्याशी वाद घालू नये. पटवारी मला एकदा हळूच म्हणाले, ‘‘मी सही नाई केली तं हे गावाले जातच नाई. आन हे गावाले गेली नाई तं मले तंबाखू खाता येत नाई. मंग मी करून टाकतो सही.’’

मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी बाकीच्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या आणि बाई व्याह्यांपुढे कागद धरून. ‘‘हिचा चार्ज आता तुमच्याकडे. वाचून घ्या.’’ कागदावर लिहिलं होतं : उपाशी राहिली की भांडते, भांडली की जेवत नाही, गाणं चांगलं, पण ‘म्हण’ म्हटलं की म्हणत नाही. व्याह्यांनी हसत सही केली. वर्षभरानं त्यांचं पत्र आलं की, यादीत घोरण्याचा उल्लेख राहून गेलेला दिसतो. बाईंनी उलट टपाली कळवलं, ‘माझ्या चार्जमध्ये असताना घोरणे नव्हते. तिकडे सुरू झाले. तपास करावा.’ पुलगावच्या छोट्या गाडीत एकदा तिकीट तपासनिसानं लोणच्याच्या बरणीवर जादा चार्ज मागितला, तर बाईंनी बरणीच उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. ‘‘घ्या चार्ज. पुलगावपर्यंत बरणी तुमच्या जबाबदारीवर. तेल सांडता कामा नये. करा सही.’’ गृहस्थ दोन स्टेशनं बरणी धरून बसला आणि मग हात जोडून परत देऊन दुसऱ्या डब्यात गेला.

ग्रामपंचायतीच्या रेडिओची बॅटरी चार्ज करायला बैलगाडीतून आर्वीला जात असे. तेव्हापासून वर्गात एखादी मुलगी पेंगायला लागली की बाई म्हणत, ‘‘हिचा चार्ज उतरला,’’ आणि टेबलाच्या खणातून गूळ-शेंगदाणे काढत. शाळेत छडी नव्हती. फूटपट्टी होती, पण ती यादीत ‘मोजण्याकरिता’ अशी नोंदलेली असल्यामुळे तिनं मारणं नियमाविरुद्ध ठरे. फार गोंगाट झाला तर ‘‘लाठीचार्ज होईल हं’’ एवढंच म्हणत, आणि मुली खुशाल हसत. बेचाळीस साली मोर्च्यात बाईंनी स्वतः डाव्या खांद्यावर लाठी खाल्ली होती आणि तो खांदा पावसाळ्यात दुखे, हे मुलींना माहीत नव्हतं. मला एकदाच म्हणाल्या, ‘‘चार्ज कसा असतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी करत नाही.’’ सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्याला भटजींना विचारलं, ‘‘देवानं चार्ज घेतला तो यादी न मागताच. वर चुकामूक होत नाही का?’’ आणि नागपूरचं राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबईला जोडला गेला, पारावर दोन्ही बाजूंची भांडणं रंगली, तेव्हाही बाईंचा प्रश्न एकच होता. ‘‘यादी कुणी केली? वर्धा नदी एक, कापसाच्या गाड्या अमुक, इन्चार्ज बाई एक. कुणी मोजून दिलं, कुणी मोजून घेतलं?’’ असं त्या थेट मुंबईला लेखी विचारणार होत्या. पटवाऱ्यांनी शाईची दौत लपवली म्हणून राहिलं.

त्यांचा चार्ज घेणं म्हणजे काय असतं ते मी एकदा अंगावर काढलं आहे. बाईंना हिवताप आला होता आणि तीन दिवस शाळा माझ्याकडे यायची होती. दुसरी कुणी असती तर निरोप धाडला असता. बाई घोंगडं पांघरून, कुडकुडत शाळेत आल्या, डेड स्टॉकचं रजिस्टर उघडलं आणि एक नंबरापासून सुरुवात केली. त्यांच्या मते वस्तू नुसती दाखवून भागत नाही. ती ‘चालू स्थितीत’ आहे हे घेणाऱ्यानं स्वतः वापरून पाहायचं. मी घंटा वाजवली. पृथ्वीचा गोल फिरवला. कात्रीनं कागद कापला. छत्री उघडली, मिटली. खुर्ची नंबर तीनवर बसले आणि पडले, तेव्हा बाईंनी वाजणारे दात आवरत लिहिलं, ‘खुर्ची एक, बसल्यास पडते.’ मग सही झाली आणि त्या घरी गेल्या. दोन तासांत अंथरुणातून चिठ्ठी आली : ‘घंटा तीन मिनिटे उशिरा ऐकू आली. चार्ज गंभीरपणे घ्यावा.’ मी भयंकर चिडले होते. पण आज माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे जी यादी टांगलेली असते, तिची सुरुवात त्या दिवशी झाली.

इथपर्यंत सगळी गंमत. ज्यासाठी हे लिहायला बसले ते आता सांगते.

जिल्हा मुंबईला जोडला गेला त्याच वर्षी दसऱ्याला आमच्या गावच्या खालच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली. पांढऱ्या कपड्यांत गेली, पांढऱ्या कपड्यांत परत आली, पण चाल बदलून आली. त्या वस्तीतल्या नऊ मुली आमच्या शाळेत होत्या. तोवरची रीत अशी की पडवीत एक रांजण. बाकीच्या मुली आपल्या हातानं पेला बुडवून पाणी पीत, आणि या नऊ जणी पायरीखाली ओंजळ धरून उभ्या राहत. शाळेची दाई गिरजा त्यांच्या ओंजळीत वरून पाणी सोडी. ही रीत कुठल्याच यादीत नव्हती, तिच्यावर कुणाची सही नव्हती. मी ती रोज पाहत होते. बाईही पाहत होत्या. अकरा वर्षांत खडूचा तुकडा मोजायचा राहिला नव्हता, पण हे आम्ही दोघींनी कधी मोजलं नव्हतं. लिहिताना बरं वाटत नाही. तरी राहून गेलेलं यादीत घालायचंच असतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दुपारी तिसरीतली सुजाता गणिताच्या तासाला पाटीवर डोकं टेकून आडवी झाली. वस्तीतल्या नऊ जणींतली ही सगळ्यांत चुणचुणीत. बाई म्हणाल्या, ‘‘हिचा चार्ज उतरला,’’ आणि गूळ पुढे केला. पोरगी तोंड फिरवून बसली.

‘‘गुळानं तहान लागते बाई.’’

‘‘मग पाणी पी.’’

‘‘नाई.’’

‘‘काऊन?’’ बाई रागावल्या की त्यांची भाषा गावची होत असे.

सुजाता उठून नीट मांडी घालून बसली. ‘‘माहे बाबा म्हने, आता ओंजळ नाई धरायची. मी शाळेत पेतच नाई. घरी जाऊन पेतो.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘दसऱ्यापासून. आमी नवूबी जनी.’’

सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. नऊ मुलींपैकी एकीनंही दसऱ्यापासून शाळेच्या पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि जिच्याकडे चार्ज होता तिला आणि जिला तिच्या याद्यांचं वारं लागलं होतं तिला, दोघींनाही पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून स्वतःचा पितळी गडू आणला. त्यांच्या आईनं दिलेला, बुडाशी एकदा ठोकून सरळ केलेला. रजिस्टर उघडलं, जुने दोन जर्मनचे पेले ‘चेपलेले, निकामी’ म्हणून खोडले आणि सदतीस नंबरावर लिहिलं : ‘पितळी गडू, एक. देणगी. वापर : सर्व मुली.’ शाई वाळल्यावर सुजाताला हाक मारली.

‘‘बुडव.’’

पोरीनं एकदा बाईंकडे पाहिलं, गडू रांजणात बुडवला, तोंडाला लावला आणि इतकी प्यायली की चालताना पोटात पाणी वाजलं. मागे आठ जणी ओळीनं उभ्या. गिरजा भिंतीला धरून म्हणाली, ‘‘बाई, गाव माह्या अंगावर येईन.’’

‘‘तुझ्या अंगावर काऊन येईल? रांजण माझ्या चार्जमध्ये आहे.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा समितीचे अध्यक्ष आले. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, सरकारनं काढून घेतली होती, पण गाव त्यांना अजून मालगुजारच म्हणत असे आणि तेही हाकेला ओ देत. त्यांची नात तिसरीत सुजाताच्या शेजारीच बसे. मालगुजार ओरडणारे गृहस्थ नव्हते. ते गोड बोलत, आणि त्याचीच जास्त भीती होती.

‘‘बाई, तिकडल्या कोपऱ्यात दुसरा रांजण ठेवून द्या ना. रांजण मी देतो. गडूबी देतो.’’

‘‘मंजुरीशिवाय डेड स्टॉकला वस्तू चढत नाही मालक.’’

‘‘मंग काल तुमी गडू कसा चढोला?’’

‘‘गडू रांजणासोबतचा आहे. दुसरा रांजण म्हणजे नवी बाब. अर्ज करा. कारणाच्या रकान्यात कारण लिहा. स्पष्ट लिहा. लिहाल?’’

ते कारण कागदावर लिहिणं आता कायद्यात बसत नव्हतं. मालगुजारांनी टोपी सारखी केली. ‘‘तुमी लय हट्टी हा बाई.’’

‘‘लिहा तेच. हट्टी एक, चालू स्थितीत.’’

पंधरवड्यात निम्मी शाळा घरी बसली. मालगुजारांच्या नातीलाही बसवलं होतं, पण तिनं घरी इतकी भोकाडं पसरली की चौथ्या दिवशी तिला परत पाठवावं लागलं. पाणी मात्र समोरच्या वाड्यात येऊन प्यायचं अशी ताकीद होती. ऑफिसातून आधी चार्जशीट आली : गावकऱ्यांच्या भावना दुखावल्या, वगैरे. बाईंनी निळ्या पेन्सिलीनं तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवून, खाली ‘वापर : सर्व मुली, यात गैर काय ते कळवावे’ एवढं उत्तर लिहून ती परत पाठवली. मग बदलीचा हुकूम आला. अकरा वर्षं न सापडलेली योग्य व्यक्ती पंधरा दिवसांत सापडली होती.

बदलीविरुद्ध बाईंनी एक ओळ लिहिली नाही. ‘‘हुकूम आहे, मी जाईन.’’ त्यांना खाऊन टाकत होती ती काळजी दुसरीच. शाळा सुटल्यावर रांजणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘मी गेल्यावर त्या पोरी परत पायरीखाली गेल्या तर, छोट्या बाई? तुम्ही एकट्या. नव्या बाई कशा असतील देव जाणे. रीत काय, आठवड्यात परत येते. रीतीला चार्ज लागत नाही.’’

नव्या बाई हिंगणघाटहून मोटारीनं आल्या. पत्र्याची ट्रंक, वळकटी, विणकामाची पिशवी, आणि चेहऱ्यावर ‘मला कुणाशीच भांडायचं नाही’ असा भाव. बाईंनी रजिस्टर उघडलं. घंटा वाजली, गोल फिरला, कात्री चालली, नव्या बाई खुर्ची नंबर तीनवरून वेळेवर उठल्या. सदतीस नंबर आला. रांजणावर गडू नव्हता.

‘‘काल सांजेले होता जी,’’ गिरजा म्हणाली आणि रडायलाच लागली. तिनं शपथ घालून मला जे सांगितलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं : मालगुजारांचे दिवाणजी येऊन घेऊन गेले. मालगुजारांचा हिशेब सरळ होता. जुन्या बाई जातील, गडूही जाईल, नव्या बाईंना काही माहीतच नसेल, आणि सोमवारपासून सगळं पहिल्यासारखं. जन्मभर जमिनींचे, गोठ्यांचे, माणसांचे चार्ज घेतले-दिले. पण शाळेचा चार्ज कसा देतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

बाईंचा चेहरा मात्र पहाटेसारखा उजळला. ‘‘सदतीस नंबर गहाळ. चार्ज होत नाही.’’

‘‘एका गडूसाठी?’’ नव्या बाई म्हणाल्या.

‘‘अपुऱ्या यादीवर सही केलीत तर गडू तुमच्या अंगावर येईल. मी तुमच्या भल्याचं सांगते. नका करू.’’

त्यानंतरचे पाच दिवस मी विसरणार नाही. बाई आत शिकवत होत्या आणि नव्या बाई पडवीत ट्रंकेवर बसून लोकर विणत होत्या. राहायला माझ्याकडे होत्या; त्या मुदतीत माझ्या मोठ्या मुलाला स्वेटर झाला आणि धाकट्याला कानटोपी. शाळेत यादीप्रमाणे पाणी प्यायचं भांडं नव्हतं, सबब पाणी बंद. बाईंनी दुसरं भांडं आणलं नाही आणि स्वतःही घोट घेतला नाही. दुपारी सगळ्यांना घरी जाऊन पिऊन यायची सुट्टी होती. खालची वस्ती लांब. नऊ जणी धावत जात, धापा टाकत परत येत, आणि येताना दर वेळी ट्रंकेवरच्या बाईंना नमस्कार करत. नव्या बाईंच्या सुया तेवढ्यापुरत्या थांबत.

ऑफिसातून चिठ्ठी आली : चार्ज का दिला नाही? बाईंनी कळवलं, ‘गडू एक गहाळ. शोध चालू. न सापडल्यास पोलिसांत फिर्याद देऊन गावातील घरांची झडती घ्यावी लागेल. मार्गदर्शन व्हावे.’ नक्कल, शाळा समितीच्या अध्यक्षांना. ती नक्कल मी लिहिली, कारण माझं अक्षर बरं होतं. ‘झडती’ हा शब्द मी जरा ठळक काढला.

सहाव्या दिवशी सकाळी दिवाणजी गडू घेऊन आले. ‘‘विहिरीपाशी सापडला जी.’’ गडू चिंचेनं घासून लखलखीत केलेला होता. विहिरीपाशी पडलेल्या गडूला कुणी चिंच लावून ठेवत नाही, पण बाईंनी ते वाढवलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘‘मालकांना बोलवा. साक्षीला अध्यक्षांची सही लागते.’’

मालगुजार आले आणि पहिली दिसली त्या खुर्चीवर बसायला गेले. ‘‘त्या खुर्चीवर नको मालक,’’ बाई म्हणाल्या, ‘‘ती यादीत आहे.’’ मग पुन्हा एक नंबरापासून. घंटा. गोल. कात्री. छत्री. मुली तरटावर ओळीनं बसून चार्ज बघत होत्या. त्यांना यादी पाठ झाली होती आणि त्या बाईंच्या आधीच नंबर पुटपुटत होत्या.

‘‘सदतीस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पितळी गडू, एक. वापर, सर्व मुली. सुजाता, ये.’’

‘‘गडू दिसून राह्यला ना बाई,’’ मालगुजार म्हणाले. ‘‘झालं की.’’

‘‘घंटा दिसतच होती, तरी वाजवली. छत्री दिसत होती, तरी उघडली. गडू गळतो की नाही ते कसं कळणार?’’

सुजातानं गडू बुडवला, तोंडाला लावून प्यायली आणि पदरानं पुसावा तसा परकराच्या टोकानं काठ पुसला. बाईंनी तो तिच्या हातातून घेऊन नव्या बाईंपुढे धरला. ‘‘घेणाऱ्यानं तपासायचं.’’

नव्या बाईंनी गडूकडे पाहिलं. मालगुजारांकडे पाहिलं. मग कुणास ठाऊक का, पडवीतल्या आपल्या ट्रंकेकडे पाहिलं. त्यांनी गडू बुडवला आणि उभ्यानंच, काठाला तोंड लावून, सगळा रिकामा केला.

‘‘गळत नाही,’’ त्या म्हणाल्या.

तेवढे दोनच शब्द. पुढे आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली आनंदानं काम केलं ते त्या दोन शब्दांवर.

बाई सहीची दौत पुढे ओढत होत्या, तोच तरटावरून मालगुजारांची नात उठली. ‘‘बस खाली,’’ मालगुजार म्हणाले. ती उभीच.

‘‘आबाजी, मले तहान लागली.’’

‘‘घरी चाल.’’

‘‘सर्व मुलीत मी नाई काय?’’

कुणी शिकवलं नव्हतं. पाच दिवस तेच ऐकत होती, तिनं ते खरं मानलं होतं. बाईंनी चष्मा वर करून रजिस्टर पाहिलं, जणू खात्री करून घ्यायची होती. ‘‘आहेस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यादीप्रमाणे आहेस.’’ नात रांजणापाशी गेली आणि प्यायली. मालगुजारांनी तिच्याकडे पाहिलं नाही, दाराबाहेर पाहिलं. मग विचारलं, ‘‘कुठं करू सही?’’

‘‘इथं. आधी ‘माझ्यासमक्ष’ लिहा.’’

पुढे सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. नात पुढच्याच आठवड्यात आर्वीला मामाकडे शिकायला गेली. चार घरांनी मुली परत पाठवल्याच नाहीत. कित्येक दिवस दोघीतिघी घरून तांब्या आणत आणि आडोशाला जाऊन पीत. पण दुसरा रांजण आला नाही, ओंजळ कुणी धरली नाही, आणि ‘माझ्यासमक्ष’ सही केलेला कागद शाळेच्या पेटीत असेतो मालगुजारांनी ती भाषा पुन्हा काढली नाही. बाई निघाल्या तेव्हा कापसाच्या गाड्या आर्वीकडे जात होत्या आणि रस्ताभर कापूस सांडला होता. मोटारीच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, ‘‘छोट्या बाई, सदतीस नंबर तुमच्याकडे. लेखी देत नाही.’’ आयुष्यात त्यांनी यादीशिवाय दिलेला तो एकच चार्ज.

निवृत्तीनंतर, पटवारी गेल्यावर, त्या वर्ध्याजवळ नालवाडीला लेकीपाशी राहायला आल्या. अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तशी मी वर्ध्याला गेले. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. लेकीचं नाव गेलं, नवऱ्याचं गेलं, देवाचं गेलं. पुरात सगळं वाहून गेलं होतं आणि बाभळीला एकच शब्द अडकला होता. लेक सांगत होती, ‘‘पाणी पाह्यजे तरी चार्ज, उशी सरकव तरी चार्ज, राग आला तरी चार्ज. मले समजते सारं. माह्या लेकरायलेबी समजते.’’

मी खाटेशेजारी बसले. त्यांनी मला ओळखलं की नाही कळेना. बराच वेळ टक लावून पाहिलं, आणि मग एखाद्या मुलीला प्रश्न विचारावा तशा म्हणाल्या, ‘‘चार्ज?’’

तोवर शाळा माझ्याकडे आली होती. मी पिशवीतून चष्म्याची डबी काढली, तिच्यातला कागद उलगडला आणि एक नंबरापासून वाचायला लागले. घंटा. गोल. कात्री. छत्री नवी. खुर्ची नंबर तीन अजून पडते. डोळे मिटून, डाव्या हाताचं बोट दर वस्तूला जरासं उचलत त्या ऐकत होत्या. ‘‘सदतीस,’’ मी म्हणाले. ‘‘पितळी गडू, एक. वापर, सर्व मुली.’’ डोळे उघडले. ‘‘चालू स्थितीत,’’ मी सांगितलं. डावा हात चादरीवर काहीतरी चाचपायला लागला. लेकीला वाटलं, पाणी मागते आहे. मी माझ्या अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांच्या बोटांत दिली आणि कागद खाली धरला. त्यांनी एक वाकडी रेघ ओढली. ती सही नाही असं कुणी म्हणून दाखवावं.

त्यानंतर त्या महिनाभरच होत्या. तो कागद माझ्याकडे आहे. येत्या जूनमध्ये माझी बदली आहे आणि मला चार्ज द्यायचा आहे. यादी तयार आहे, गडू घासून ठेवला आहे, आणि घेणाऱ्या बाईंना मी आजच पत्र टाकलं आहे : सोबत ट्रंक आणा, वळकटी आणा, आणि येताना तहान घेऊन या.